आधी फाइली मोजा, कोटेशनं नंतर बघू

सप्रेम नमस्कार.
साठ-पासष्ट माणसांच्या एका संस्थेत मी प्रशासन सांभाळते. गेल्या महिन्यात आमच्या लेखा विभागातल्या मुलीने वार्षिक कार्यक्रमात कोणाकडे काय काम, याची एक्सेल फाइल दोनशेच्या वर सभासदांना मेल केली. त्या फाइलमध्ये एक लपवलेलं शीट राहून गेलं होतं. त्यात सगळ्या कर्मचाऱ्यांचे पगार, बँक खात्यांचे नंबर, जन्मतारखा. दोन दिवसांनी एका सभासदाचा फोन आला तेव्हा आम्हाला कळलं. तो धक्का पचायच्या आत एका सहकाऱ्याचा लॅपटॉप प्रवासात चोरीला गेला. संचालक म्हणाले, "डेटा सिक्युरिटी आजपासून तुम्ही बघा." मी कॉमर्सची, संगणक कामापुरता येतो. टेबलावर तीन कंपन्यांची कोटेशनं पडली आहेत आणि तिन्हींतले निम्मे शब्द डोक्यावरून जातात. कोणतं घेऊ? आणि त्या मुलीला मेमो द्या असं साहेब म्हणतात. तो माझ्याच सहीने जाईल. काय करू?
— गोंधळलेली

कोणतंच घेऊ नका. निदान या महिन्यात नको.

कोटेशनं वाईट असतील असं मी म्हणत नाही. पण तुमच्या पत्रात दोन प्रसंग आहेत आणि दोन्हींत कोणी अंधारात तुमच्या सर्व्हरची तटबंदी फोडून आत शिरलेलं नाही. पहिल्यात माहिती तुम्हीच रीतसर, विषयाच्या ओळीसकट, दोनशे लोकांना पोचवली. दुसऱ्यात ती बॅगेतून गेली. सगळ्यात महागडा फायरवॉल (जाळ्यात शिरू पाहणाऱ्याला अडवणारी यंत्रणा) लावला असता तरी हे दोन्ही असंच घडलं असतं. विक्रेत्याला हे विचारा, तो घसा खाकरून "त्यासाठी आमचं वेगळं मॉड्यूल आहे" म्हणेल. असेलही. पण त्या मॉड्यूललाही आधी सांगावं लागतं की जपायचं काय आणि ते आहे कुठे. तेच तुम्हाला आज सांगता येणार नाही. गोम तिथे आहे.

त्याआधी एक तातडीचं विचारतो. ज्यांचे पगार नि खातेनंबर बाहेर गेले, त्यांना तुम्ही सांगितलंत का? पत्रात उल्लेख नाही म्हणून शंका येते. सांगितलं नसेल तर आजच सांगा. नाव, जन्मतारीख, खातेनंबर आणि पगार एवढं हाती आलं की फोनवरच्या भामट्याला बँकेचा माणूस बनायला आणखी काही लागत नाही. "तुमचा पगार अमुक, खातं अमुक बँकेत, बरोबर?" म्हटलं की ऐकणारा निम्मा गळाला लागतो. आधीच सावध असेल तर फोन ठेवून देईल. सभासदांनाही साधा मेल करा: ती फाइल पुसा, पुढे कोणाला पाठवली असेल तर कळवा. सगळे पुसतील असं नाही, पण बरेच जण पुसतात. आणि वकिलाला विचारा. बऱ्याच देशांत अशा घटनेची खबर सरकारी यंत्रणेला ठरावीक मुदतीत द्यावी लागते. युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यात ती मुदत घटना कळल्यापासून ७२ तासांची आहे, आणि उशीर झाला तर कारण लिहून द्यायची सोयही आहे. महिना उलटला म्हणून गप्प बसू नका.

आता त्या लपवलेल्या शीटकडे वळू. ही चूक करणारी तुमची मुलगी पहिली नव्हे. ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलाला कोणीतरी माहिती अधिकाराखाली विचारलं होतं, कुठल्या हुद्द्यावर किती माणसं आहेत? उत्तर म्हणजे नुसते आकडे. पण ते आकडे ज्या एक्सेल फाइलमध्ये तयार केले, तीच फाइल उत्तर म्हणून गेली आणि तिच्यात एक शीट दडून राहिलं. त्यात दलातल्या ९,४८३ जणांची आडनावं, आद्याक्षरं, हुद्दे, विभाग. फाइल इंटरनेटवर जेमतेम अडीच तास होती. पण तिथे सशस्त्र गटांच्या धास्तीने आपण पोलिसात आहोत हे शेजाऱ्यालाही न सांगणारी माणसं राहतात. जिवाच्या भीतीने काहींनी घरं बदलली. माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने दलाला साडेसात लाख पौंडांचा दंड केला.

एक्सेलमधला 'हाइड' हा शब्द फसवा आहे. खालच्या कुठल्याही टॅबवर राइट क्लिक करायचं, 'अनहाइड' म्हणायचं, झालं. ना पासवर्ड, ना परवानगी. फिल्टर लावून दिसेनाशा केलेल्या ओळीही जागच्या जागीच असतात. पिव्हट टेबल, म्हणजे मोठ्या यादीचा आपोआप गोषवारा करणारं कोष्टक, त्याहून बेरकी. मूळ शीट पुसून तुम्ही फक्त गोषवारा पाठवता, पण ज्या तपशिलावरून तो गोषवारा बनला त्याची नक्कल फाइलच्या पोटात राहू शकते. एखाद्या आकड्यावर डबल क्लिक केलं की सगळा तपशील नव्या शीटवर उभा. पीडीएफमध्ये मजकुरावर नुसती काळी पट्टी ओढली तर तिच्याखालचा मजकूर सिलेक्ट करून कॉपी करता येतो. हे सगळं एकदा सहकाऱ्यांना समोर बसवून करून दाखवा. पिव्हटवरचा तो डबल क्लिक मी अनेक ठिकाणी दाखवला आहे. खोलीत जी शांतता पसरते ती माझ्या तासभराच्या बडबडीने कधी पसरलेली नाही.

उपाय कंटाळवाणा आहे. बाहेर जाणारी यादी कोऱ्या फाइलमध्ये करायची. जुन्या फाइलची प्रत काढून तिच्यातलं नको ते पुसत बसायचं नाही; कोऱ्या फाइलमध्ये हवं तेवढंच 'पेस्ट व्हॅल्यूज' करायचं, आणि जिथे चालेल तिथे त्याची पीडीएफ करून पाठवायची. एक्सेलच्या फाइल मेनूत 'इन्फो'खाली 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' आहे, ते लपलेल्या शीटची चुगली करतं. आउटलुकमध्ये असाही नियम करता येतो की सेंड दाबल्यावर मेल दोन मिनिटं थांबूनच निघेल. जीमेलमध्ये परत घ्यायची मुदत ३० सेकंदांपर्यंत वाढते. सेटिंग फुकट आहे आणि लाखमोलाचं आहे. कारण चूक आपल्याला सहसा सेंड दाबल्याच्या पाचव्या सेकंदाला दिसते.

पण मला खुपतं ते वेगळंच. कार्यक्रमाच्या कामवाटपाच्या फाइलमध्ये पगार आले कुठून? मी अंदाज सांगतो. सगळ्या कर्मचाऱ्यांची नावं एका ओळीत तयार हवी होती. ती पगारपत्रकात होती. तीच फाइल उघडली, 'सेव्ह अ‍ॅज' केलं, पगाराचं शीट हाइड केलं, नव्या शीटवर काम वाटलं. आपण सगळेच असं करतो. दहा मिनिटं वाचतात.

या दहा मिनिटांच्या हिशेबाचं थोरलं भावंड २००७ मध्ये ब्रिटनच्या कर खात्यात घडलं. बालभत्त्याच्या नोंदी लेखापरीक्षकांना द्यायच्या होत्या. बँकेचे तपशील नकोत, असं लेखापरीक्षकांच्या बाजूने आधी सुचवूनही झालं होतं. पण ते गाळायला वेगळा खर्च येणार, म्हणून सगळंच्या सगळं दोन सीडींवर भरून अंतर्गत टपालात टाकलं. सीडी पोचल्याच नाहीत. त्यांच्यावर अडीच कोटी माणसांची माहिती होती. पासवर्ड होता, एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय वाचता येऊ नये असं माहितीचं कूट) नव्हतं. खात्याच्या प्रमुखांनी राजीनामा दिला.

म्हणून तुमचं पहिलं काम असं: एक वही घ्या आणि फक्त पगाराच्या माहितीचा माग काढा. सगळ्या संस्थेची यादी एकदम करायला जाल तर तिसऱ्या दिवशी कंटाळाल. मी कंटाळलेली माणसं पाहिली आहेत. एकच वस्तू धरा. लेखा विभागात जा, त्या मुलीच्या शेजारी खुर्ची ओढून बसा आणि विचारा, "पगार करतेस तेव्हा पहिल्यापासून काय काय करतेस ते मला दाखव." मधे बोलू नका. ती हजेरीची फाइल मेलवरून उतरवून घेईल. डाउनलोड्समध्ये मागच्या तीन वर्षांच्या हजेऱ्या दिसतील. डेस्कटॉपवर 'पगार फायनल', 'पगार फायनल नवीन', 'पगार फायनल नवीन खरा' असे भाऊबंद असतील. तयार झालेलं पत्रक साहेबांच्या मेलवर जातं, साहेब ते मोबाइलवर उघडतात, म्हणजे एक प्रत मोबाइलमध्ये. साहेब गावाला असतील तर व्हॉट्सअ‍ॅपवर जातं आणि तिथून कोणाच्या तरी खाजगी फोनच्या क्लाउड बॅकअपमध्येही जाऊ शकतं. बाहेरच्या लेखापालाला जातं. घरी राहिलेलं काम करायला पेन ड्राइव्हवर जातं. छापलेली एक प्रत फाइलीत, आणि शाई फिकी आली म्हणून टाकून दिलेली एक प्रिंटरशेजारच्या रद्दीच्या खोक्यात.

प्रिंटरवरून आठवलं. मोठ्या फोटोकॉपी मशीनमध्ये पुष्कळदा हार्डडिस्क असते आणि काढलेल्या प्रतींची चित्रं तिच्यावर साठून राहू शकतात. अमेरिकेत एका आरोग्य विमा संस्थेने भाड्याची मशीनं मुदत संपल्यावर तशीच परत केली. त्यातलं एक मशीन वृत्तवाहिनीच्या पत्रकारांनी विकत घेतलं आणि आतल्या डिस्कवर रुग्णांची माहिती निघाली. २०१३ मध्ये हे प्रकरण मिटवायला संस्थेला १२ लाख १५ हजार ७८० डॉलर भरावे लागले. तुमचं मशीन भाड्याचं असेल तर करारात डिस्क पुसण्याचं कलम आहे का बघा.

तुमच्या वहीत एकाच पगारपत्रकाच्या पंधरा-वीस प्रती निघतील असा माझा होरा आहे. त्यातल्या तीन-चारच कामाच्या असतील. बाकीच्या पुसा. रीसायकल बिनही रिकामा करा, आणि शेअर केलेल्या फोल्डरच्या जुन्या लिंका बंद करा. 'लिंक ज्याच्याकडे आहे तो कोणीही' अशी परवानगी दिलेली एखादी तरी सापडेलच. ही तुमच्या आयुष्यातली सगळ्यात स्वस्त सुरक्षा असेल. मग नोकरीसाठी अर्ज केलेल्या पण न घेतलेल्या माणसांचे बायोडेटा घ्या. ओळखपत्रांच्या प्रती घ्या, ज्या एकदा पाहून परत केल्या तरी चाललं असतं. काही कागद कायद्याने अमुक वर्षं ठेवावे लागतात; त्यांची मुदत लेखापालाला विचारून वहीत लिहून ठेवा. ज्याला मुदत नाही, काम नाही, मालक नाही, ते कशाला सांभाळायचं? "राहू दे, कधी लागलं तर" हे वाक्य म्हणणाऱ्याला विचारा, गेल्या पाच वर्षांत कधी लागलं होतं.

पुसून झालं की उरलेलं कोण कोण उघडू शकतं ते बघा. इथे तुम्हाला हसू येईल. सोडून गेलेल्यांची खाती जिवंत असतील, आणि तीन वर्षांपूर्वी एका महिन्यापुरत्या आलेल्या मुलाला अजून सगळी फोल्डरं दिसत असतील. २०२१ मध्ये अमेरिकेतली कलोनियल पाइपलाइन ही इंधनवाहिनी बंद पडली, पूर्व किनाऱ्यावर पेट्रोल पंपांसमोर रांगा लागल्या. हल्लेखोर आत शिरले होते ते व्हीपीएनच्या (बाहेरून कंपनीच्या जाळ्यात शिरायच्या वाटेच्या) एका जुन्या खात्यातून. ते खातं वापरात नव्हतं पण बंदही केलेलं नव्हतं, आणि त्याला पासवर्डपलीकडे दुसरा अडसर नव्हता. माणूस नोकरी सोडतो त्या दिवशी तुम्ही त्याच्याकडून किल्ल्या आणि ओळखपत्र घेताच ना? त्याच कागदावर 'खाती बंद केली' अशी एक ओळ वाढवा आणि तिच्यापुढे सही घ्या.

पासवर्डबद्दल फार लिहीत नाही, सगळे तेच लिहितात. मेल आणि बँकेच्या खात्यांना दुसऱ्या टप्प्याची पडताळणी आजच चालू करा. साहेब कुरकुरतील, करू द्या. पासवर्ड लक्षात ठेवायला पासवर्ड मॅनेजर वापरा. आणि दर तीन महिन्यांनी सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावणारा जुना नियम असेल तर काढून टाका. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनेच २०१७ पासून तो नको म्हटलं आहे. लोक शेवटचा एकचा दोन करतात, दुसरं काही होत नाही. चोरीला गेल्याचा संशय असेल तेव्हा मात्र लगेच बदलायचा.

आता लॅपटॉप. "त्याला पासवर्ड होता" असं तुमचे सहकारी म्हणत असतील. विंडोज सुरू होताना विचारला जाणारा पासवर्ड म्हणजे पुढच्या दाराची कडी. चोराने डिस्क बाहेर काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की त्या कडीचा काही उपयोग नाही, सगळ्या फाइली समोर. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तरच हाती आलेला माल नुसतं लोखंड ठरतो. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर आहे, अ‍ॅपलच्या लॅपटॉपवर फाइलव्हॉल्ट आहे. दोन्ही आतच असतात, वेगळे विकत घ्यावे लागत नाहीत. चालू करताना एक लांबलचक रिकव्हरी की मिळते. ती त्याच लॅपटॉपवर जपून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. तुम्ही ती छापून कपाटात ठेवा. गेलेल्या लॅपटॉपचं म्हणाल तर त्याच्यावर उघडी राहिलेली सगळी खाती दुसरीकडून 'साइन आउट' करा, त्यांचे पासवर्ड बदला, आणि सहकाऱ्याला बसवून त्यावर काय काय होतं त्याची यादी आठवेल तशी लिहून घ्या. आठवडा गेला की आठवत नाही.

इथवर माहिती बाहेर जाण्याचं झालं. ती नाहीशी होण्याचं तुम्ही विचारलेलंच नाही, आणि तुमच्या जागी असतो तर मला झोप त्यानेच लागली नसती.

३१ जानेवारी २०१७ ची गोष्ट. गिटलॅब ही प्रोग्रॅमरांचं काम साठवून ठेवणारी कंपनी, म्हणजे या धंद्यातलीच मुरलेली माणसं. रात्री उशिरा एक अभियंता डेटाबेसच्या जोड सर्व्हरशी, म्हणजे मुख्य सर्व्हरची नक्कल ठेवणाऱ्या सर्व्हरशी, झगडत होता. तिथली फोल्डर पुसायची आज्ञा त्याने दिली, ती चुकून मुख्य सर्व्हरवर. सेकंद-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, त्याने आज्ञा थांबवली. तोवर सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. हरकत नाही, बॅकअप आहेत. एक नव्हे, पाच प्रकारचे. मग एकेक उघडून बघायला लागले तेव्हा कळलं की त्या पाचांतला एकही धडपणे चालत नव्हता, काही तर मुळात लावलेलेच नव्हते. रोजचा बॅकअप घेणारा प्रोग्रॅम चुकीच्या आवृत्तीमुळे कित्येक दिवस नुसता अपयशी ठरत होता. तो अपयशाचे मेलही पाठवत होता, पण ते मेल सर्व्हरच नाकारत होता, त्यामुळे कोणाला कळलं नाही.

हा प्रकार वाचला तेव्हा मी हसलो नाही. मी स्वतः एका संस्थेत वर्षभर दर शुक्रवारी संध्याकाळी बाहेरची हार्डडिस्क लावून बॅकअप घेत असे. हिरवा दिवा लुकलुकायचा, पट्टी शंभर टक्क्यांवर जायची, मी रजिस्टरमध्ये सही करायचो. सर्व्हर बसला त्या दिवशी डिस्क लावली. फोल्डरं होती, फाइलींची नावं होती, प्रत्येक नावापुढे शून्य केबी. बावन्न सह्या होत्या माझ्या.

तेव्हा तुमच्या सर्व्हर सांभाळणाऱ्याला "बॅकअप आहे का?" असं विचारू नका, तो हो म्हणेल आणि खरं बोलत असेल. म्हणा, "मागच्या मंगळवारची अमुक फाइल मला आत्ता परत आणून दाखव." आणि घड्याळ लावा. दहा मिनिटांत आली तर चहा पाजा. दुसऱ्या दिवशी आली तरी ठीक, निदान वेळ कळली. न आली तर तुमच्या वर्षाच्या बजेटचा पहिला आकडा तिथे खर्च करायचा, कोटेशनांवर नाही. ही चाचणी दर तीन महिन्यांनी, दर वेळी वेगळी फाइल.

प्रती किती हव्यात याचा एक जुना ठोकताळा आहे. पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकाराने रूढ केलेला, ३-२-१: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. 'दुसऱ्या जागी'चा अर्थ शेजारची खोली नव्हे. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गला ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर जळून खाक झालं, तेव्हा काही गिऱ्हाइकांचे बॅकअपही त्याच आवारात होते. आणि रॅन्समवेअरच्या (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमच्या) दिवसांत मी चौथी अट घालतो: एक प्रत अशी, जिला एरवी तार जोडलेलीच नाही. कायम लावून ठेवलेली डिस्क आणि आपोआप सिंक होणारं क्लाउड फोल्डर हे बॅकअप नव्हेत. मूळ फाइल कुलूपबंद झाली की तीच कुलूपबंद फाइल तुमचा सिंक इमानाने वर चढवतो. मर्स्क या जहाज कंपनीचं २०१७ च्या नॉटपेट्या हल्ल्यात जगभरचं जाळं बसलं तेव्हा सगळ्या वापरकर्त्यांची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेची शाबूत प्रत एकाच ठिकाणी सापडली, घानातल्या कार्यालयात. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती म्हणून. तुम्हाला वीज जाण्याची वाट बघायची गरज नाही, डिस्क काढून कपाटात ठेवली की झालं. ती डिस्कही एन्क्रिप्ट केलेली हवी, नाहीतर कपाट फोडणाऱ्याची सोय.

खंडणी भरून माल परत येईल या आशेवरही राहू नका. त्या इंधनवाहिनीवाल्या कलोनियलने सुमारे ४४ लाख डॉलर मोजले, फाइली उघडायचं साधन हातात आलंही. पण ते इतकं मंद चाललं की शेवटी स्वतःच्या बॅकअपवरूनच काम उभं करावं लागलं.

एवढं सगळं झालं, म्हणजे दीड-दोन महिने गेले, की कोटेशनं पुन्हा उघडा. आता तुमच्या हातात वही आहे. तिघांनाही बोलवा आणि वहीतलं एक-एक पान समोर ठेवा: ही माहिती इथे आहे, हे चार लोक उघडतात, ही अशी बाहेर जाते, यात तुमचं काय काम? ज्याला उत्तर देता येईल त्याला ठेवा. जो पुन्हा तेच रंगीत सादरीकरण लावेल त्याला निरोप द्या. आणि त्यांनाही विचारा, आमची माहिती तुमच्या कोणत्या माणसांना दिसेल, करार संपल्यावर ती कशी पुसाल, तुमच्याकडे चोरी झाली तर आम्हाला किती तासांत कळवाल. लेखी. कारण अनोळखी विक्रेत्याला सगळ्या किल्ल्या देणं हाही एक धोकाच असतो.

राहिला मेमो.

देऊ नका. साहेबांना हे पत्र दाखवलंत तरी माझी हरकत नाही. तुमच्याकडे चूक कळायला दोन दिवस लागले आणि ती बाहेरच्या माणसाने सांगितली. समजा, त्या मुलीला मेल गेल्यावर दहा मिनिटांनी स्वतःलाच ते दिसलं असतं. ती धावत तुमच्याकडे आली असती, की गप्प बसली असती? मेमो निघाला की पुढच्या वेळचं उत्तर ठरून जातं, आणि तिच्या एकटीचं नाही, मेमो गेल्याचं ज्याला ज्याला कळेल त्या प्रत्येकाचं. कोणी फसव्या लिंकवर क्लिक केलं, कोणाचा पेन ड्राइव्ह हरवला, हे तुम्हाला पहिल्या तासात कळायला हवं असेल तर सांगणाऱ्याला भीती वाटता कामा नये. सगळ्यांना एकच नंबर द्या, तुमचाच द्या. आणि एवढं शिकवा: संगणकावर काही विचित्र दिसलं तर नेटवर्कची तार काढायची, वायफाय बंद करायचं, पण मशीन बंद करायचं नाही, काही पुसायचं नाही, आणि फोन करायचा. मशीन बंद केलं तर मेमरीतला पुरावा जातो.

गिटलॅबच्या त्या रात्रीचं एक सांगायचं राहिलं. पाच बॅकअप फसल्यावर त्यांना वाचवलं ते सहाएक तासांपूर्वीच्या एका प्रतीने. काम सुरू करण्याआधी ती हाताने काढून ठेवली होती आणि ती काढणारा होता तोच अभियंता, ज्याने पुढे मुख्य डेटाबेस पुसला. कंपनीने त्याला काढलं नाही. काय चुकलं ते सविस्तर लिहून सगळ्यांसमोर ठेवलं.

तुमच्या वहीचं पहिलं पान त्या मुलीकडून भरून घ्या. पगाराच्या प्रती कुठे कुठे आहेत हे संस्थेत तिच्याइतकं कोणालाच माहीत नाही. किती निघाल्या ते मला कळवा. माझा अंदाज वीस आहे.